दहावीनंतर अकरावी, डिप्लोमा की आयटीआय? कागद हातात घेऊन निर्णय कसा करायचा

कायद्याने सक्तीचे शिक्षण चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत असते. महाराष्ट्रात मात्र खरा फाटा दहावीच्या निकालानंतर फुटतो. निकाल मे महिन्यात लागतो आणि पुढच्या काही आठवड्यांत अर्ज, कागदपत्रे, पसंतीक्रम सगळे उरकावे लागते. या घाईत बहुतेक घरांत एकच प्रश्न घोळत राहतो : 'सायन्स झेपेल का?' तो महत्त्वाचा आहे, पण पहिला नव्हे. ज्या वाटेने जाणार ती मध्येच सोडावी लागली तर हातात कोणते प्रमाणपत्र असेल, हे आधी विचारायला हवे. घरची अडचण, नापास होणे, बदललेली आवड, कारण काहीही असो, वाट मध्येच सोडणारी मुले कमी नसतात.

आधी वर्षांचा हिशेब

इंजिनिअर व्हायचे म्हणजे अकरावी सायन्सच, ही समजूत अजून टिकून आहे. हिशेब मांडून पाहा. अकरावी-बारावीची २ वर्षे आणि पदवीची ४, एकूण ६. दहावीनंतर डिप्लोमा ३ वर्षांचा, त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे आणखी ३ वर्षे. एकूण पुन्हा ६. दोन वर्षांचा आयटीआय केला, त्यातून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलात आणि मग पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, तर २ अधिक २ अधिक ३, म्हणजे ७. आयटीआयच्या वाटेने जाऊनही एकच वर्ष जास्त लागते.

शेवट जवळपास एकाच ठिकाणी होत असेल तर फरक मधल्या थांब्यांचा उरतो. दोन वर्षांनी थांबावे लागले तर अकरावीवाल्याकडे बारावीचे प्रमाणपत्र असते. त्यावर कुठल्याही शाखेची पदवी करता येते, पोलीस भरतीचा अर्ज भरता येतो, पण कामाचे कौशल्य म्हणून दाखवण्यासारखे काही नसते. आयटीआयवाल्याकडे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र असते आणि त्यावर शिकाऊ उमेदवारी मिळू शकते. डिप्लोमावाल्याकडे दोन वर्षांनी फक्त गुणपत्रिका असतात. डिप्लोमा पुरा केला तर तीन वर्षांत कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षांना बसता येते, अर्धवट सोडला तर तिन्हींत तोच सर्वांत महागात पडतो. घरची परिस्थिती डळमळीत असेल तर हा मुद्दा टक्क्यांच्या आधी बघा.

कोणती दारे कुठे बंद होतात

आपल्याला नेमके काय व्हायचे आहे हे पंधराव्या वर्षी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून काय बंद होईल ते तपासणे जास्त सोपे.

डॉक्टर, बीएस्सी नर्सिंग, फार्मसी यांपैकी काहीही मनात असेल तर अकरावी सायन्सला पर्याय नाही. फार्मसीचा डिप्लोमासुद्धा बारावी सायन्सनंतरच होतो. दहावीनंतरचा इंजिनिअरिंग डिप्लोमा या दिशेला जात नाही.

सायन्स घेतल्यावर दुसरी मोठी चूक विषयांची होते. 'गणित जड जाते' म्हणून अकरावीतच गणित सोडले की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर दोन्ही गेले. जीवशास्त्र सोडले की नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, मार्ग सहसा बंद. काही कनिष्ठ महाविद्यालयांत द्विलक्ष्यी अभ्यासक्रम असतात. दुसरी भाषा आणि आणखी एक विषय यांच्या जागी २०० गुणांचा कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा पीकशास्त्रासारखा विषय घेता येतो. गुण वाढायला त्याची मदत होते हे खरे, पण तो घेताना जीवशास्त्र सुटत नाही ना, हे अर्जावर सही करण्याआधी विचारा. एकदा तुकडी ठरली की बदल करून घेणे जिकिरीचे असते.

कॉमर्स आणि आर्ट्सकडे जाणाऱ्यांना वाटते की आपल्याला प्रवेश परीक्षांची भानगड नाही. तसे आता राहिलेले नाही. राज्यात बीबीए, बीसीए, बीएमएस यांसारख्या अभ्यासक्रमांना २०२४-२५ पासून सीईटी आहे. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉलाही सीईटी आहे. साधे बीकॉम, बीए मात्र बारावीच्या गुणांवर होते.

सरकारी नोकरी डोळ्यांसमोर असेल तर जाहिरातीतली पात्रता शब्दशः वाचण्याची सवय आत्तापासून लावा. राज्यसेवा किंवा तलाठी पदाला पदवी लागते, नुसता डिप्लोमा चालत नाही. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाला दहावी अधिक ठरावीक ट्रेडचा, म्हणजे व्यवसायाचा, आयटीआय किंवा डिप्लोमा चालतो, नुसती बारावी चालत नाही. सरकारी नोकरीसाठी यांतले काय चांगले असे सरसकट विचारले तर उत्तर मिळणार नाही. पदाचे नाव घेऊन विचारा.

अकरावी : खर्च कॉलेजचा नसतो

अनुदानित तुकडीची फी फारशी नसते. सायन्सचा खरा खर्च क्लासचा. इंजिनिअरिंग-फार्मसीसाठीची राज्याची एमएचटी-सीईटी २०० गुणांची असते, त्यात अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के वजन असते. नीट ७२० गुणांची आणि देशभरासाठी एकच. बारावी सायन्स ६० टक्क्यांनी पास झाले पण सीईटीत काही जमले नाही, तर उरते बीएस्सी. ते वाईट नाही, पण सायन्स घेताना ते मनात नव्हते म्हणून वर्ष गॅप घेतला जातो आणि पुन्हा क्लासची फी भरली जाते.

'इंटिग्रेटेड'च्या नावाखाली क्लासमध्येच बसायचे आणि कॉलेजात फक्त नाव, असा प्रकार सर्रास चालतो. बारावी परीक्षेला ७५ टक्के हजेरी हवी, प्रात्यक्षिकांचे गुण कॉलेजातूनच जातात, आणि प्रयोगशाळेत कधी पाऊल न टाकलेला मुलगा पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी अडखळतो. असे कॉलेज निवडणार असाल तर किमान प्रात्यक्षिके कुठे, कधी होतात ते लेखी विचारून घ्या.

याच पातळीवर बारावी व्होकेशनल हाही पर्याय आहे, पूर्वीचा एमसीव्हीसी. भाषा विषयांबरोबर एक व्यवसाय शिकवला जातो आणि प्रमाणपत्र बारावीचेच मिळते. तांत्रिक गटातून तो केला तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. ज्या कॉलेजात त्या व्यवसायाचे पूर्णवेळ शिक्षक आणि चालू यंत्रे आहेत तिथेच घ्या, नाहीतर ती नुसती सोपी बारावी ठरते.

डिप्लोमा : पहिले वर्ष आणि गणित

तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा म्हणजे ६ सत्रे, परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. प्रवेश दहावीच्या गुणांवर, वेगळी सीईटी नाही. म्हणूनच दहावीत ७५-८० टक्के असलेली, पण स्पर्धा परीक्षेच्या ताणाला तयार नसलेली मुले इकडे वळतात, आणि तो निर्णय बहुधा बरोबर असतो.

अडते ते पहिल्या वर्षी. दहावीचे गणित पाठांतरावर निघून गेलेले असते. इथे पहिल्याच सत्रात लॉगॅरिदम, निश्चयक, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती एकदम समोर येतात आणि दुसऱ्या सत्रात कलन. जोडीला इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि बहुतेक पुस्तके इंग्रजीत. केटी लागते, म्हणजे विषय राहतात, ते इथेच. ठरावीक विषयांपेक्षा जास्त राहिले की वायडी, म्हणजे अख्खे वर्ष बसून. मराठी माध्यमाच्या मुलांनी दहावीचा निकाल लागल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचा वेळ बीजगणिताची सूत्रे, त्रिकोणमितीची मूलभूत गुणोत्तरे आणि इंग्रजीतले गणिती शब्द यांवर घालवला तर पहिले सत्र निभावते. मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाची सोय काही संस्थांत आहे, ती निवडायची असेल तर प्रवेशाच्या वेळीच विचारा.

शाखा निवडताना गावातल्या कोणी तरी सांगितले म्हणून कॉम्प्युटर, असे करू नका. सिव्हिलचा डिप्लोमावाला साइट सुपरवायझर म्हणून तालुक्याच्या गावातही काम मिळवतो आणि जिल्हा परिषद, जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम यांच्या कनिष्ठ अभियंता भरतीला बसतो. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलला जवळ औद्योगिक वसाहत असेल तर अर्थ आहे. कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन तिथेच थांबणाऱ्याला नोकरी मिळणे अवघड जाते, कारण त्या क्षेत्रात कंपन्या बहुतेक पदवीच मागतात. ती शाखा घेणाऱ्याने सहा वर्षांची तयारी ठेवूनच घ्यावी.

डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात, प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर. चांगल्या कॉलेजांत मात्र स्पर्धा फार वर जाते, म्हणून शेवटच्या वर्षाचे गुण सांभाळा. पदवीला गेल्यावर पुन्हा गणितच अडवते. पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित डिप्लोमावाल्याने केलेले नसते आणि दुसऱ्या वर्षी एकदम लाप्लास, फूरिये समोर. प्रवेश नक्की झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत पहिल्या वर्षाचे कलन स्वतःहून उरकून घ्या.

आयटीआय : एक वर्ष की दोन वर्षे

आयटीआयबद्दल घरांत अजून नाक मुरडले जाते, त्यामुळे त्याची माहितीही नीट घेतली जात नाही. इथे सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय ट्रेडचा, आणि त्यातही तो किती वर्षांचा आहे याचा.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, मोटार मेकॅनिक हे दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक, कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर हे एक वर्षाचे. लवकर कमवायचे असेल तर एक वर्षाचा ट्रेड चांगला. चांगला वेल्डर उपाशी राहत नाही. पण पुढे शिकायची थोडी जरी शक्यता असेल तर दोन वर्षांचाच घ्या, कारण दोन दारे त्यावर अवलंबून आहेत.

पहिले दार डिप्लोमाचे : दहावी अधिक दोन वर्षांचा आयटीआय असेल तर संबंधित शाखेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. दुसरे बारावी समकक्षतेचे : दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय उत्तीर्ण झालेल्याने राज्य मंडळाचे दोन भाषा विषय दिले की त्याला बारावीची समकक्षता मिळते. बारावीच्या परीक्षा अर्जांच्या वेळापत्रकात 'ट्रान्स्फर ऑफ क्रेडिट' घेणारे विद्यार्थी असा उल्लेख असतो तो यांचाच. हा अर्ज फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेसाठी काही महिने आधीच भरावा लागतो. कित्येक मुलांना हे ठाऊकच नसते आणि बारावी नाही म्हणून ती अर्ज भरायचे सोडून देतात.

दहावी नापास किंवा आठवी पास मुलांसाठीही काही ट्रेड खुले आहेत : वेल्डर, वायरमन, सुतारकाम, प्लंबर, शिवणकाम. वायरमन दोन वर्षांचा आहे. मात्र दहावी पास असाल आणि वीजकामच करायचे असेल तर इलेक्ट्रिशियन घ्या, भरतीच्या जास्त जाहिरातींत तो चालतो. वीजजोडणीची कामे स्वतंत्रपणे घ्यायची तर तारतंत्रीचा परवाना वेगळा काढावा लागतो. नुसत्या आयटीआयवर ठेकेदारी होत नाही.

परीक्षेचे गणितही समजून घ्या. अखिल भारतीय व्यवसाय चाचणीला बसायला ८० टक्के हजेरी लागते. लेखी विषयांना ३३ टक्के पुरतात, पण प्रात्यक्षिकाला ६० टक्के हवेत. म्हणून कार्यशाळेत दांड्या मारणारा हुशार मुलगाही इथे गचकतो.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी हवीच असे धरून चाला. १९६१ च्या कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला दरमहा किमान ७,००० रुपये आणि डिप्लोमावाल्याला ८,००० रुपये विद्यावेतन ठरले होते, अर्ज करण्याआधी चालू दर शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर बघा. उमेदवारीच्या करारपत्राची पोर्टलवर नोंद झाली आहे ना, हे पहिल्या महिन्यातच तपासा. नोंद नसेल तर वर्षभर राबूनही शेवटी प्रमाणपत्र मिळत नाही.

संस्था बघायला जा, कार्यालयात नव्हे तर कार्यशाळेत

माहितीपत्रकातला फोटो बघून तंत्रनिकेतन किंवा आयटीआय निवडू नका. कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास जा. फिटर-टर्नरच्या शेडमध्ये लेथच्या ट्रेमध्ये ताजा लोखंडी कीस पडलेला दिसतो का बघा. कीस नसेल, यंत्रावर धूळ असेल आणि ऑइलचा वास येत नसेल, तर ते यंत्र तपासणीपुरते आहे. एका तुकडीत साधारण २० मुले असतात, त्या मानाने चालू लेथ किती, वाइस किती, मोजा. वेल्डिंगच्या खोल्यांत मुलांनी केलेल्या जॉबचे तुकडे ठेवलेले असतात, त्यांवरची शिवण वाकडीतिकडी असली तरी चालेल, पण तुकडे असायला हवेत. बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाची मुले भेटतील, त्यांना एकच विचारा : गेल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने काय केले?

खासगी संस्थेत आणखी एक तपासणी. आयटीआयची मान्यता संस्थेला सरसकट नसते, ट्रेड आणि तुकडीनुसार असते. फिटरची मान्यता आहे म्हणून शेजारच्या नव्या ट्रेडचीही असेलच असे नाही. तंत्रनिकेतनाला तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेशयादीत संस्था क्रमांक असतो. तो यादीत सापडत नसेल आणि 'आमचा स्वतंत्र डिप्लोमा आहे, तेवढ्याच किमतीचा' असे उत्तर मिळाले, तर चहा न घेता उठा.

अर्ज भरताना

अकरावी, डिप्लोमा आणि आयटीआय या तीन वेगवेगळ्या प्रक्रिया आहेत, वेगवेगळ्या संकेतस्थळांवर. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो आणि त्यात १० पसंतीक्रमांपर्यंत देता येतात. डिप्लोमा तंत्रशिक्षण संचालनालयाकडे, आयटीआय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे. निर्णय झाला नसेल तर तिन्हींकडे नोंदणी करून ठेवायला काहीच हरकत नाही. अडचण येते ती शाळा सोडल्याच्या दाखल्याची, कारण मूळ प्रत एकच असते. जिथे प्रवेश पक्का तिथेच ती द्या आणि त्याआधी तिच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा.

जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास यांच्यासाठी निकालाची वाट पाहू नका. मेच्या शेवटी सेतू केंद्रात रांगा लागतात. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे गेल्या वर्षीचा दाखला या वर्षी चालतो का, ते त्यावरच्या तारखेवरून बघा. आधारवरचे नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव एकसारखे आहे ना ते आत्ताच बघा, शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात ते बहुतेक यावरूनच. पुढे व्यावसायिक पदवीला राखीव जागेतून जायचे असेल तर जात वैधतेचा अर्ज अकरावीत किंवा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातच टाका.

पसंतीक्रम भरताना मुले एक चूक हमखास करतात : 'तिथे लागणार नाही' म्हणून आवडते कॉलेज खाली टाकतात. वाटप गुणवत्तेनुसार होते आणि तुमची यादी वरून खाली तपासली जाते. पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले नाही म्हणून दुसऱ्याची संधी कमी होत नाही. म्हणून क्रम आवडीचाच लावा. उलट बाजूही लक्षात ठेवा. पहिला पसंतीक्रम मिळाला आणि प्रवेश घेतला नाही, तर अकरावीत पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. तेव्हा पहिल्या ओळीत तेच लिहा जिथे खरोखर जाणार आहात, बस-रेल्वेचा वेळ आणि वसतिगृह धरून.

फीच्या बाबतीत एकच गोष्ट गाठीशी बांधा : सवलती कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेल्या प्रवेशाला असतात. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली तर ही माफी जाते. 'आत्ता भरा, नंतर शिष्यवृत्तीतून वळते करू' असे कोणी म्हणाले तर ते लेखी मागा.

दोन विषय राहिले असतील तर

एक किंवा दोन विषय राहिलेल्याला एटीकेटीवर अकरावीला जाता येते, पण ते विषय सुटेपर्यंत बारावीला बसता येत नाही. जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेचा अर्ज निकालानंतर लगेच भरायचा. त्याच वेळी आयटीआयचा अर्जही भरून ठेवा. नियमित फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागांसाठी संस्था पातळीवर समुपदेशन फेरी होते, आणि पुरवणीत पास झालेल्यांना कधी कधी चांगला ट्रेड तिथेच मिळतो. त्या दिवशी मूळ कागदपत्रे घेऊन सकाळी कार्यालय उघडण्याच्या वेळीच हजर राहावे लागते, कारण नाव पुकारल्यावर जागेवर नसलेल्याची जागा पुढच्याला जाते.

आणि अकरावीत तीन-चार महिन्यांत सायन्स नकोसे झालेच तर वर्ष सोडून घरी बसू नका. बारावी सायन्स कशीबशी पास केली तरी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता उघडा राहतो. दहावीनंतर पदवीपर्यंत २, २ आणि ३ मिळून ७ वर्षे होतात, आयटीआयच्या वाटेइतकीच.